तात्या कंपाउंडर आणि कोंडाण्याचा डवरा

परवा मला एका सत्संगाला नेलं होतं. नेलं म्हणजे धरूनच नेलं; म्हाताऱ्या माणसाला कुठंही नेऊन बसवता येतं. तिथं एक गृहस्थ साधनेतल्या विघ्नांवर बोलत होते. लोभ झाला, मोह झाला, मग ते क्रोधावर आले आणि म्हणाले, "आमच्या कर्जतला पूर्वी एक कंपाउंडर होते. सहा-सात वर्षांची नेमानं केलेली बैठक. पण एका क्षुल्लक गोष्टीवरून प्रत्यक्ष गुरूंवर संतापले आणि सगळं घालवून बसले." श्रोत्यांनी हळहळून माना हलवल्या. एका बाईंनी तर "अरेरे" केलं.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. क्षुल्लक गोष्ट! मी तिथल्या तिथं उठलो, चपला शोधल्या आणि घरी आलो. ते गृहस्थ त्या वेळी जन्मलेही नसतील. त्यांना हे कुठून कळलं ते मला पक्कं ठाऊक आहे. कर्जतच्या त्या वेळच्या मंडळींनी ही गोष्ट अशीच सांगायची ठरवली, आणि इतकी वर्षं ती तशीच सांगितली जातेय. तात्या आता नाहीत. तेव्हा खरं काय ते सांगायला मीच उरलो.

मी त्या वेळी कर्जत स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून होतो. माथेरानची छोटी गाडी सुरू होऊन पंधराएक वर्षं झाली होती, आणि घाट चढणाऱ्या प्रत्येक गाडीला आमच्याकडं मागून जादा इंजिन लागे. त्या शिट्ट्यांच्या आवाजात आम्ही संसार करत असू. तात्या माझ्या शेजारच्या खोलीत राहायचे. ठेंगणी अंगकाठी, रुंद छाती, आणि आवाज असा की दवाखान्याच्या पायरीवर पेंगणाऱ्या म्हाताऱ्यांची झोप उडावी. पांढऱ्या कोटाच्या बाह्या पोटॅशच्या पाण्यानं कायमच्या जांभळ्या झालेल्या. डॉक्टर दौऱ्यावर असले की दवाखाना म्हणजे तात्याच. लोक घरून बाटल्या घेऊन येत. तात्या त्यात मिक्श्चर भरत आणि बाहेरून खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवत. एका खाचेपासून दुसरीपर्यंत एक डोस. पट्टी जरा तिरकी बसली तर ती खरवडून काढून पुन्हा लावत. बाहेर वीस माणसं खोळंबलेली असली तरी लावत.

रोगी समोर आला की नाव-गाव नंतर, आधी "जीभ दाखव." माणूस खोटं बोलतो, पण बाहेर काढलेली जीभ बोलत नाही, असं त्यांचं ठाम मत. एकदा खालापूरकडचे एक बडे भातवाले छकड्यातून आले आणि विव्हळत म्हणाले, "कालपासून पाण्याचा घोट नाही गेला पोटात."

"जीभ दाखवा."

त्यांनी दाखवली. तात्यांनी ती उजेडाकडं वळवून पाहिली आणि साऱ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पाण्याचा नसेल गेला. ताडीचा गेलाय. आणि त्याच्यावर मटण." गृहस्थ जे निघून गेले ते पुन्हा कधी आले नाहीत, गड्याकरवी बाटली पाठवायचे. बाजारात तात्या दिसले की पोरं लांबूनच जिभा काढून उभी राहत, आणि तात्याही थांबून एकेक तपासत पुढं जात. माझी जीभ तर ते वाटेल तेव्हा बघायचे. मी ऑफिसला दांडी मारली, बायकोशी भांडलो, काही लपवलं, की "काय मालबाबू, जीभ दाखव बघू," ठरलेलं.

असा माणूस डोळे मिटून बसायला का लागला, ते सांगायला हवं. मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत अर्धा तालुका आडवा झाला होता. तात्या तीन आठवडे घरी जेवायलासुद्धा गेले नाहीत, बाटल्या भरत राहिले. त्याच साथीत त्यांची बायको गेली, आणि चार दिवसांनी आठ वर्षांचा मुलगा. त्याबद्दल ते माझ्याशी एकदाच बोलले. म्हणाले, "औषध संपलं नव्हतं रे. बाटल्या भरलेल्या होत्या. उपयोग नव्हता." त्यानंतर घरात जरा शांत झालं की त्यांना पोराचा खोकला ऐकू यायचा. स्टेशनच्या गोंगाटात नाही, शांततेत. म्हणून त्यांनी शांततेलाच सामोरं जायचं ठरवलं. भिंतीवर शाईचा रुपयाएवढा काळा ठिपका काढला आणि रोज पहाटे त्याच्यावर नजर लावून त्राटक सुरू केलं. प्राणायाम करायचे तोही औषधाचे थेंब मोजावे तसा, चुकला की पहिल्यापासून. पण खोकला काही थांबत नव्हता.

मध्यंतरी मुंबईहून प्राणविनिमयाचं एक पुस्तक मागवलं. तळहात चोळून हातातली शक्ती रोग्याच्या देहात सोडायची, असा तो प्रकार. एका दुपारी कुंभिवलीचा एक शेतकरी डोकं दुखतंय म्हणून आला. तात्यांनी त्याला स्टुलावर बसवलं, आणि अंगाला हात न लावता डोक्यापासून खांद्यापर्यंत हात फिरवत राहिले, दर खेपेला बोटं झटकत. पाच-दहा मिनिटं हे चाललं. तो बिचारा हलला नाही.

"कसं वाटतंय?" तात्यांनी घाम पुसत विचारलं.

"ब्येस वाटतंय." मग त्यानं घोंगडीखालून बाटली काढली. "आता दवा घाला हिच्यात. का हात फिरवल्यावं दवा देत नाय?"

तात्या खो खो हसले. बाटली भरली, पट्टी सरळ लावली, आणि ते पुस्तक त्याच दिवसापासून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली गेलं. मला म्हणाले, "हातात शक्ती असेल-नसेल, पण रिकामी बाटली परत पाठवायचा धीर मला होत नाही."

अशा माणसाच्या वाट्याला ते महाराज आले.

महाराज उन्हाळ्यात माथेरानला असत. मुंबईचे धनिक तिथं हवा खायला येत आणि संध्याकाळी थोडा परमार्थही खात. चढावर माणसं ओढतात-ढकलतात तसल्या हातरिक्षातून महाराज प्रवचनाला जायचे आणि पोचल्यावर सांगायचे, की देह म्हणजे मी नव्हे. मग त्या रिक्षा ओढणाऱ्यांना चढावर वजन कुणाचं लागत होतं, हे तिथं कुणी विचारत नव्हतं. मीही विचारलं नाही, मीही रविवारी जाऊन माना हलवत होतोच. आमचं सात जणांचं एक मंडळ झालं होतं.

पण एक गोष्ट मी नाकारणार नाही. तात्यांनी जेव्हा त्यांना खोकल्याचं सांगितलं, तेव्हा महाराज फार मऊ आवाजात म्हणाले, "आवाज येईल, येऊ द्या. जाईल, जाऊ द्या. तो तुमचा नाही." तात्या तिथंच रडले. दुसऱ्या दिवशी पहाटे बैठकीवरून उठून माझं दार ठोठावलं आणि म्हणाले, "मालबाबू, आज थांबला रे. आज पोरगं खोकलं नाही." सहा वर्षांनी त्या माणसाला एक पहाट निवांत मिळाली होती. त्यानंतर महाराजांनी आवडती वस्तू सोडायला सांगितली तर तात्यांनी सुके बोंबील सोडले. हे ऐकून कुणी हसेल. बोंबलाच्या डब्याला कुलूप लावून किल्ली माझ्याकडं दिली होती आणि दर शनिवारी ती मागायला येऊन, न मागताच परत जायचे. आसक्ती म्हणजे काय ते मला कुठल्या प्रवचनानं कळलं नाही, त्या किल्लीनं कळलं.

महाराजांना वैशाखात एकवीस दिवसांचं अनुष्ठान करायचं होतं, आणि त्यासाठी थंड, एकांत जागा हवी होती. कर्जतजवळच्या डोंगरातली कोंडाण्याची लेणी तात्यांनीच सुचवली. देवी टोचायला ते तिथल्या ठाकरवाडीवर दर साल जायचे. बाकीच्या बाया पोरं काखेत मारून रानात पळायच्या तेव्हा बुधी नावाची एक बाई पहिल्यांदा दंड पुढं करायची, मग इतर येत. बाजारच्या दिवशी ती हिरडे नाहीतर करवंदं घेऊन कर्जतला यायची आणि दवाखान्याच्या पायरीवर टोपली टेकायची. तात्यांना ती अरे-तुरे करायची. ठाकरांच्यात लहान-थोर सगळ्यांना तेच. आमच्या डॉक्टरांना ते आवडत नसे, तात्यांना आवडे.

आता डवरा म्हणजे काय, ते सांगतो. लेण्यांखालच्या ओहळाला पावसाळ्यात उभं राहवत नाही इतकं पाणी, आणि होळी झाली की नुसते दगड. मग वाडीच्या बाया एका मोठ्या धोंड्याच्या आडोशाला, वाळूत, गुडघाभर खोल खड्डा राखायच्या. तोच डवरा. त्याच्या तळाशी चिकणमातीचा पातळ थर, त्याच्यावर बारीक वाळू, आणि वर ऊन लागू नये म्हणून जांभळीचा पाला. कडेनं पाणी पाझरून तळाशी साठायचं. बाई काठावर बसायची, करवंटीभर पाणी साठेतो वाट बघायची, ढवळू न देता अलगद उचलून हंड्यात ओतायची, पुन्हा वाट बघायची. एक हंडा भरायला पाऊण तास. तीस-बत्तीस घरांना पाऊस पडेपर्यंत तेवढंच पाणी होतं.

महाराजांचे मुंबईचे एक वकील शिष्य सगळी व्यवस्था बघत. रजा काढून तिथं राहिलेल्या आम्हा मंडळींसाठी पाणी खालच्या गावातून पत्र्याच्या डब्यांत येई, ठाकरांच्याच डोक्यावरून. पण महाराजांच्या स्नानाला वाहतं, निर्मळ पाणी हवं. वकिलांनी डवरा पाहिला. त्यात पाला, काठावर करवंट्या, आणि सकाळपासून हंड्यांचा खणखणाट. "कायबाय खाणाऱ्या लोकांचे हात बुडतात त्यात," ते म्हणाले. "तपोभूमीवर हे चालायचं नाही. शुद्धी करून घेऊ." शुद्धी म्हणजे काय, ते आम्ही विचारलं नाही. गोमूत्र शिंपडतील, मंत्र म्हणतील, असं धरून चाललो.

सकाळची बैठक होती. लेण्याच्या ओट्यावर आम्ही डोळे मिटून ओळीनं बसलो होतो, तात्या माझ्या डाव्या हाताला. खालून पहारीचा आवाज यायला लागला. ठण. ठण. वकिलांनी दोन गडी लावले होते. त्यांनी डवरा पार उपसला, पाला-वाळू फेकून दिली, आणि विटाळलेली माती म्हणून तळ पहारीनं खरवडून काढला, थेट मुरूम लागेतो. ओट्यावर महाराज हळूच म्हणाले, "आवाज आहे. येऊ द्या." ठण. ठण. तात्यांचा चेहरा इतका शांत मी कधी पाहिला नव्हता. कपाळावरची आठीसुद्धा गेली होती.

डवऱ्याला मग गंगाजल शिंपडलं, भोवती दगडांचा सुंदर कठडा रचला. पाणी पुन्हा साठायची वाट पाहिली. ते साठलं नाही. तळ फुटला होता, पाझर खाली मुरुमात जात होता. वकील म्हणाले, "झराच आटलेला दिसतो." महाराजांच्या स्नानाला आणखी चार डबे खालून यायला लागले. रजा संपली तसे मी आणि तात्या कर्जतला परत आलो. वाटेत तात्या म्हणाले, "काही म्हण, यंदा प्रगती झाली. त्या दिवशी काय काय आवाज होते, मी हललो नाही."

आठ-दहा दिवसांनी माझ्या बोटाला पेटीचा पत्रा लागला म्हणून मी पट्टी बांधायला दवाखान्यात गेलो होतो. बुधी आली. खांद्यावर नातू, तीनेक वर्षांचा, मान लटकलेली. उजाडायच्या आधी निघून चालत आली होती.

तात्यांनी पोराला टेबलावर घेतलं. "जीभ दाखव, राजा." मग स्वतःच हनुवटी दाबून पाहिली. जीभ वाळल्या पाल्यासारखी. "जुलाब किती दिवस? पाणी कुठलं पाजलंस?"

"डबक्यातलं."

"म्हशी बसतात त्या? तुला अक्कल आहे का गं! तुमचा डवरा काय झाला?"

बुधी त्यांच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "डवरा फोडला न्हवं तुमच्या मानसांनी."

"कधी?"

"तू व्हतास की रं तितं. वर वळीनं बसला व्हता तुमी. आमी धा-बारा बाया हंडं घिऊन तुज्या म्होरं हुब्या ऱ्हायलो. म्हनलं, ह्यो आपला टोचनारा हाय, ह्याला सांगू, ह्यो वरडंल त्यांच्यावं. पन तू डोळं उघडलं नाय. म्हातारी म्हनली, आंगात आलंय त्याच्या, बोलू नये, हात लावू नये. मंग गेलो आमी."

तक्रार म्हणून नाही सांगितलं. जे झालं ते सांगितलं, इतकंच. ठाकरांच्यात कुणाच्या अंगात आलं की त्याला कुणी शिवत नाही, टोकत नाही. आमच्या ध्यानाला त्यांनी तोच मान दिला होता. आम्ही त्या मानाच्या लायक होतो का, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही, आणि सांगायची गरजही नाही.

पोरगं दुपारी गेलं. वाडीत त्याच्या आदल्या दिवशी आणखी एक गेलं होतं. तात्यांनी दवाखान्याचं दार लावलं, कोट तसाच अंगात, आणि भर उन्हात कोंडाण्याची वाट धरली. बुधी पोराला खांद्यावर घेऊन पुढं, मागं तात्या, त्यांच्यामागं मी. ओहळापाशी बुधी वाडीकडं वळली, आम्ही वर चढलो.

महाराज मृगाजिनावर बसले होते, मुंबईची चार मंडळी समोर. तात्या वहाणा न काढता ओट्यावर गेले.

"महाराज, खालचा डवरा तुम्ही फोडलात."

"शुद्धी केली. जागा तपाची आहे."

"वाडीतली दोन पोरं गेली."

महाराज किंचित हसले. ते हसू मी विसरणार नाही. म्हणाले, "ज्याचं त्याचं प्रारब्ध. तुमचा क्रोध बोलतोय, तात्या. क्रोधाच्या मुळाशी आसक्ती असते. ती मुलं तुमची होती का?"

तात्यांचं मूल गेलेलं, हे या माणसाला माहीत होतं. ज्या तोंडानं त्यांचा खोकला थांबवला, त्याच तोंडानं तो हे म्हणाला. तात्या दोन पावलं पुढं गेले.

"जीभ दाखवा."

"काय?"

"जीभ. बाहेर काढा. इतकी वर्षं जिभा बघतोय. ठाकरांच्या बघितल्या, खोतांच्या बघितल्या, साहेबांच्या बघितल्या. तुमची बघायची राहिली."

वकिलांनी त्यांचा दंड धरला. तात्यांनी तो हिसडला. "थांबा, माझीही बघा!" आणि त्या पन्नाशीच्या माणसानं सगळ्यांपुढं आपली जीभ बाहेर काढली. मुंबईच्या एका बाईंना हसू आलं. तात्यांच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. "मी ऐकला होता तो आवाज," ते म्हणाले. "पहार दगडावर लागते तो आवाज काय मला कळत नाही? समजत होतं, खाली काहीतरी फोडतायत. आणि मी म्हटलं, येऊ द्या, जाऊ द्या. प्रगती झाली म्हणून वाटेत फुशारकी मारली मी. मी!"

हीच ती क्षुल्लक गोष्ट.

अनुष्ठान ठरल्याप्रमाणे एकविसाव्या दिवशी संपलं. महाराज बैलगाडीतून स्टेशनवर आले. कर्जतच्या व्यापाऱ्यांनी हार घातले, प्लॅटफॉर्मवर आरती झाली. वाडीवर सुतक चाललं होतं, ते कुणाच्या गावीही नव्हतं. महाराजांच्या ट्रंका मीच गाडीत चढवून दिल्या, आणि हारही घातला; मंडळाच्या वतीनं माझं नाव आधीच ठरलं होतं. मंडळाच्या पुढच्या बैठकीत सर्वानुमते ठरलं, की तात्यांचा पाया कच्चा होता, राग जिंकता आला नाही, म्हणून पडले. डवरा, पहार, पोरं, यातला एक शब्द कुणी उच्चारला नाही. फार सात्त्विक भाषेत झालं सगळं.

तात्यांनी भिंतीवरच्या ठिपक्यावर चुना फासला. माझ्याकडून डब्याची किल्ली नेली. खोकला परत आला का, असं मी एकदा विचारलं. "आला," ते म्हणाले. "येऊ दे. माझाच आहे तो."

पुढच्या रविवारी ते वाडीवर गेले. काय झालं ते मला नंतर त्यांनीच सांगितलं. मधोमध उभं राहून ते म्हणाले, की मला अंगात वगैरे काही आलं नव्हतं, मला ऐकू येत होतं. मग बुधी म्हणाली, "मंग आता पानी बघ." एवढंच. तात्यांनी कर्जतहून पहार आणली होती. ती तिनं हातातून घेऊन लांब करवंदीच्या जाळीत भिरकावली. ओहळाच्या वरच्या अंगाला एक उंबर होता, त्याच्या मुळ्यांकडं तिनं हात केला. मग हातांनी आणि काटकीनं वाळू उकरायची, चिकणमाती लागली की तिथंच थांबायचं, बोटानंही टोकरायचं नाही. तीन रविवार आणि मधल्या दोन सुट्ट्या गेल्या तेव्हा तळहाताएवढं पाणी दिसलं. तात्यांनी अधीर होऊन करवंटी घातली, सगळं गढूळ झालं. बुधीनं त्यांच्या हातावर चापट मारली.

"घाई नको. यिऊ दे त्याला. डोळं पान्यावं ठिव."

"तेच शब्द रे," तात्या मला सांगत होते. "येऊ दे. पण इथं डोळे उघडे ठेवायला लागतात. मिटले की करवंटी चुकते."

त्यानंतर दर साल होळीपासून पाऊस लागेपर्यंत प्रत्येक रविवारी तात्या कोंडाण्याला. विहिरीसाठी अर्ज केले. जागा पाहून कळवू, असं उत्तर येई आणि पाहायला कुणी येत नसे. ते उत्तर ते दवाखान्यात मोठ्यानं वाचून दाखवत आणि मग जी शिवी देत ती इथं लिहिता येणार नाही. राग गेला नाही, उलट वाढला. कुणी ध्यानधारणेचं विचारायला आलं, की म्हणायचे, "रविवारी कोंडाण्याला चला. एक हंडा भरा, मग बोलू." एक जण गेला होता. अर्धा हंडा भरून, पाठ धरली म्हणून परत आला आणि मंडळात जाऊन बसला. तिथं पाठीला तक्क्या होता.

पाच-सहा वर्षांनी माझी देशावर बदली झाली. निघायच्या आधीच्या रविवारी मी निरोप घ्यायला वर गेलो. दहाचा सुमार असेल. उंबराखाली हंड्यांची रांग लागलेली, आणि डवऱ्याच्या काठावर तात्या, कोट खांद्यावर टाकलेला, हातात करवंटी. मी हाक मारली. त्यांनी मागं न बघता तळहात दाखवला, थांब. मी थांबलो. पाणी साठलं, त्यांनी ते उचललं, हंड्यात ओतलं, हंडा भरला. मग वळून माझ्याकडं पाहिलं.

"काय मालबाबू, चेहरा का असा? काय लपवतोयस? जीभ दाखव बघू."

मी ते सांगायलाच गेलो होतो. इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं. तात्यांचा चेहरा त्या दिवशी ओट्यावर शांत होता, असं मी वर लिहिलंय. डोळे मिटून बसलेल्याला शेजाऱ्याचा चेहरा कसा दिसला, हे तुमच्या ध्यानात आलं असेल. पहारीचा पहिला आवाज आला तेव्हाच मी डोळे उघडले होते. दोन गडी तळ फोडताना मी पाहिले. बाया हंडे घेऊन वर आल्या, तात्यांच्या पुढं उभ्या राहिल्या, तेही पाहिलं. बुधीनं तात्यांच्या मिटल्या डोळ्यांकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. नजरानजर झाली. आणि मी डोळे मिटले.

त्या उंबराखाली मी काही बोललो नाही. जीभही दाखवली नाही. ओठ आवळून उभा राहिलो. तात्या हसले, म्हणाले, "बदलीचं वाईट वाटतंय होय रे? वाटू दे." त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं, की मीही त्यांच्यासारखाच, न बघता चुकलेला होतो.

रांगेतून बुधी पुढं आली. तिनं माझ्याकडं पाहिलं, अगदी त्या दिवशीसारखं. तिला सगळं आठवत होतं. तिच्या तोंडातून एक शब्द गेला असता तर माझं काय उरलं असतं, तेही तिला कळत असावं. ती काठावर बसली, करवंटीभर पाणी साठेपर्यंत थांबली, अलगद उचललं आणि माझ्यापुढं धरलं.

"पी. लांबून आलायस."

मी पाणी प्यालो.

"ऊठ रं तात्या," ती म्हणाली, "आता बारी माजी." तात्या गुडघ्यांवर हात देऊन उठले, भरलेला हंडा बाजूला ठेवला, दुसरा रिकामा उचलला आणि रांगेच्या शेवटाला, दोन पोरींच्या मागं नेऊन ठेवला. त्याच्या शेजारी मांडी घालून बसले आणि डोळे उघडे ठेवून वाट बघू लागले.